पातळ थराला शेजारचा गुण लागतो

लाइट गेली आणि संगणकावर अर्धवट टाइप केलेला मजकूर उडाला, हा अनुभव बहुतेकांनी घेतलेला असतो. तो मजकूर ज्या तात्पुरत्या स्मृतीत असतो, तिला डीरॅम म्हणतात. तिथे प्रत्येक ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणजे एका इवल्याशा भांड्यात साठवलेला विद्युतभार. ही भांडी गळकी असतात. म्हणून संगणक साधारण दर ६४ मिलिसेकंदांत सगळी भांडी तपासतो आणि पुन्हा भरतो. गळक्या माठात सेकंदाला पंधरा वेळा पाणी ओतत राहावं, तसं हे काम आपण काही करत नसलो तरी चालूच असतं. वीज गेली की ओतणारा हात थांबतो आणि माठ रिकामा होतो.

घरच्या एका संगणकापुरतं हे चालून जातं. पण आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरातल्या डेटा सेंटर्सनी मिळून सुमारे ४१५ टेरावॉट-तास वीज वापरली. जगाच्या एकूण वीजवापराच्या हा साधारण दीड टक्का आहे. ही सगळी वीज स्मृतीवरच खर्च होत नाही. तरीही एकदा सांगितलेलं, वीज न घेता आपणहून धरून ठेवणारा पदार्थ सापडला तर किती बरं होईल, हे या आकड्यावरून कळतं. असे पदार्थ आहेत. शंभर वर्षांपासून ते माहीत आहेत. मग अडलंय कुठे, हे या लेखात पाहू.

ध्रुवीकरण म्हणजे नक्की काय?

निवडणुकीच्या बातम्यांमुळे ‘ध्रुवीकरण’ हा शब्द रोज कानावर पडतो. इथे त्याचा अर्थ वेगळा आणि बराच साधा आहे. पदार्थातला धन भार एका बाजूला आणि ऋण भार दुसऱ्या बाजूला किंचित सरकला, तर त्या पदार्थाचं ध्रुवीकरण झालं असं म्हणतात.

बेरियम टायटेनेट नावाचा स्फटिक घेऊ. एकसारख्या खोल्यांची एक प्रचंड चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक खोलीच्या आठ कोपऱ्यांत बेरियम, सहा भिंतींच्या मध्यावर ऑक्सिजन आणि खोलीच्या मधोमध टायटेनियम. खोलीची लांबी-रुंदी साधारण ०.४ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात, त्यावरून या खोलीच्या आकाराचा अंदाज येईल. सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटेनियम बरोबर मध्यावर राहतो. तापमान त्याखाली आलं की मध्यावर राहणं त्याला परवडत नाही. तो एका बाजूला सरकतो, तेही जेमतेम नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाइतका. पण शेजारच्या खोलीतलाही त्याच दिशेला सरकतो, त्याच्या पलीकडचाही. कोट्यवधी खोल्यांची ही एवढीशी सरक एकत्र येते आणि स्फटिकाच्या एका तोंडावर धन, दुसऱ्या तोंडावर ऋण भार दिसू लागतो.

लहानपणी गोट्या खेळताना जमिनीत गल खणायचो. शेजारी शेजारी दोन गल आहेत आणि गोटी त्यांपैकी एकात आहे, अशी कल्पना करा. सोडून दिली तर ती तिथेच राहील. दुसऱ्या गलीत न्यायची तर मधल्या उंचवट्यावरून ढकलावी लागेल. टायटेनियमचं हेच आहे. ‘वर’ ही एक गल, ‘खाली’ ही दुसरी. बाहेरून व्होल्टेज दिलं की तो उंचवटा ओलांडतो. व्होल्टेज काढून घेतलं तरी नव्या गलीतच राहतो. वर म्हणजे १, खाली म्हणजे ०. लाइट गेली तरी गोटी हलत नाही.

ज्या पदार्थांत असं आपोआप होणारं आणि हवं तेव्हा उलटवता येणारं ध्रुवीकरण असतं, त्यांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात.

नावात ‘फेरो’ आहे, मग लोखंड कुठे आहे?

लोखंडाचा यात संबंध नाही. लोहचुंबक जशी आपली दिशा लक्षात ठेवतो, तशी हे पदार्थ विजेची दिशा लक्षात ठेवतात. त्या साम्यावरून हे नाव पडलं. १९२० मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जोसेफ व्हॅलाशेक या तरुणाला रोशेल सॉल्ट नावाच्या क्षारात हा गुण पहिल्यांदा दिसला. पण तो क्षार नाजूक होता. साधारण उणे १८ ते अधिक २४ अंशांच्या मध्येच त्याची ही स्मरणशक्ती टिकायची. आपल्याकडच्या फाल्गुनातल्या दुपारीही तो सगळं विसरला असता.

बेरियम टायटेनेट दुसऱ्या महायुद्धात सापडलं. कपॅसिटर बनवायला तेव्हा अभ्रक लागायचा आणि उत्तम अभ्रक मोठ्या प्रमाणावर आजच्या झारखंडमधल्या कोडर्मा भागातून जायचा. युद्धात त्याची टंचाई झाली, पर्याय शोधणं भाग पडलं आणि अमेरिका, रशिया, जपान या तिन्ही ठिकाणी स्वतंत्रपणे हा पदार्थ हाती लागला. त्याचंच भावंड असलेलं, शिसं, झर्कोनियम आणि टायटेनियमचं मिश्रण आज आपल्या स्वयंपाकघरातही आहे. गॅसच्या लायटरचं बटण दाबल्यावर ‘खट्’ करून जी ठिणगी पडते, ती त्या मिश्रणाच्या ध्रुवीकरणामुळेच. लायटरमधलं ध्रुवीकरण कारखान्यात एकदाच ठरवून दिलेलं असतं. स्मृतीत मात्र ते सेकंदाला लाखो वेळा उलटवता आलं पाहिजे. कठीण भाग तोच आहे.

पातळ थरच कशाला?

एक मिलिमीटर जाड स्फटिकातलं ध्रुवीकरण उलटवायला समजा १ लाख व्होल्ट लागतात. तोच पदार्थ १० नॅनोमीटर जाडीच्या थरात आणला, तर तेवढ्याच जोराच्या धक्क्याला १ व्होल्ट पुरेल, कारण जाडी एक लाख पट कमी झाली. व्होल्टेज जितक्या कमी अंतरात पडतं, तितका धक्का जोरात बसतो. अशी स्मृती बनवण्याची कल्पना डडली बक या विद्यार्थ्याने १९५२ मध्येच एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात मांडली होती. हाताशी चांगले पातळ थर नव्हते, म्हणून ती मागे पडली.

दहा नॅनोमीटर म्हणजे आपल्या चाळीतल्या जेमतेम पंचवीस खोल्या, एकावर एक. इतकं पातळ झालं की मात्र नवीच अडचण उभी राहते.

पातळ केलं की ध्रुवीकरण का रुसतं?

थराच्या वरच्या तोंडावर धन भार आहे आणि खालच्यावर ऋण, असं समजू. हे दोन भार मिळून थराच्या आत एक उलट दिशेचा दाब तयार करतात आणि तो ध्रुवीकरणालाच मोडू पाहतो. म्हणून वर-खाली धातूचे थर लावतात. त्यांना इलेक्ट्रोड म्हणतात. धातूतले इलेक्ट्रॉन धावत येतात आणि तोंडावरचा भार झाकून टाकतात. पण ते अगदी चिकटून उभे राहत नाहीत, त्यांच्यात आणि थराच्या तोंडात बारीकशी फट उरते. त्या फटीपोटी थोडं विरोधी व्होल्टेज शिल्लक राहतं.

थर जाड असताना हे उरलेलं व्होल्टेज जाणवतही नाही. थर पातळ झाला की तेच व्होल्टेज थोड्या अंतरात पडतं. घाटाची उंची तेवढीच ठेवून रस्ता आखूड केला की चढ उभा होतो, तसं हे आहे. २००३ मध्ये हाव्हिएर हुन्केरा आणि फिलिप घोसेझ यांनी गणिताने दाखवलं की ठरावीक इलेक्ट्रोडमध्ये ठेवलेलं बेरियम टायटेनेट साधारण सहा खोल्यांपेक्षा पातळ केलं, तर त्याचं ध्रुवीकरण टिकणार नाही. पुढच्याच वर्षी लेड टायटेनेटच्या थरात ते तीन खोल्यांपर्यंत टिकल्याचं प्रयोगात दिसलं. कारण तिथे परिस्थिती वेगळी होती. थराने स्वतःला वाफ्यांत वाटून घेतलं होतं. एका पट्टीत दिशा वर, शेजारच्या पट्टीत खाली, असे शेतातल्या वाफ्यांसारखे पट्टे. त्यामुळे तोंडावरचे भार एकमेकांना मारून टाकतात. अशा प्रत्येक पट्ट्याला डोमेन म्हणतात.

थर अशी जिवंत राहण्याची वाट काढतो खरा. पण स्मृतीला ती परवडत नाही. निम्मं वर आणि निम्मं खाली असेल, तर वाचायचं काय?

ढवळ्याशेजारी पवळ्या

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण बैलांच्या जोडीची आहे. मला मात्र पातळ थरांचं इतकं नेमकं वर्णन दुसरं सापडलेलं नाही. जाड ठोकळ्याचा स्वभाव त्याच्या रसायनावर ठरतो. पातळ थराचा स्वभाव त्याच्या शेजाऱ्यांवर ठरतो. ध्रुवीकरणावर ताबा मिळवणं म्हणजे बव्हंशी शेजार निवडणं.

पहिला शेजारी खालचा, ज्या स्फटिकावर थर वाढवतात तो पाया. साडीला फॉल लावण्याआधी तो भिजवून घेतात. तसाच लावला, तर पहिल्या धुण्यात फॉल आटतो आणि साडीचा काठ ओढला जाऊन चुण्या पडतात. थर आणि पाया यांचीही अशीच शिलाई असते, एका खोलीला एक खोली. पायाच्या खोल्या किंचित लहान असतील, तर वरच्या थराला आडव्या दिशेने आखडावं लागतं. फरक इतकाच, की शिंपी ही ओढ टाळतो आणि इथे ती मुद्दाम आणतात. कणकेचा गोळा बाजूंनी दाबला की तो वर उंचावतो. तशी प्रत्येक खोली उंच होते आणि टायटेनियमला वर-खाली सरकायला जास्त जागा मिळते. पायाच्या खोल्या मोठ्या असतील तर उलट होतं, आणि ध्रुवीकरण आडवं पडतं.

याचा परिणाम किती मोठा होतो? २००४ मध्ये डॅरेल श्लोम यांच्या चमूने दाखवलं की बेरियम टायटेनेटला योग्य पायावर बसवून आखडलं, तर ते ध्रुवीकरण सोडतं ते तापमान जवळपास ५०० अंशांनी वाढतं. त्याच वर्षी स्ट्रॉन्शियम टायटेनेटही फेरोइलेक्ट्रिक झालं, तेही खोलीच्या नेहमीच्या तापमानाला. हा पदार्थ एरवी कितीही थंड केला तरी फेरोइलेक्ट्रिक होत नाही. त्याचं रसायन बदललेलं नव्हतं, खालचा शेजारी बदलला होता.

दुसरं म्हणजे शिवण नेमकी कुठे पडते. या स्फटिकांमध्ये अणूंची पातळी आलटून पालटून येते, एक या प्रकारची, पुढची त्या प्रकारची. पायाचं शेवटचं पान कोणत्या प्रकारचं आहे, एवढ्यावरून वरच्या थराचं ध्रुवीकरण वर जाणार की खाली, हे ठरू शकतं. बिस्मथ फेराइटच्या थरावर २०१२ मध्ये हे स्पष्ट दिसलं. संपूर्ण थराची दिशा एका अणुपातळीने फिरवली.

तिसरा शेजारी वरचा, आणि तो हवाही असू शकते. अमेरिकेतल्या आर्गॉन नावाच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत लेड टायटेनेटच्या थरावरचा ऑक्सिजनचा दाब कमी-जास्त करून ध्रुवीकरण उलटवलं गेलं. वायर नाही, बॅटरी नाही. हे २००९ मधलं काम वाचून माझा तरी आधी विश्वास बसला नव्हता. पण विचार केला तर पटतं. इलेक्ट्रॉन भार झाकत नसतील, तर पृष्ठभागावर येऊन बसणारे वा निघून जाणारे ऑक्सिजन झाकतील.

भाकरी तव्यावर असतानाच बघणं

हे थर बनवायची एक पद्धत अशी: पदार्थाच्या टिकलीवर लेसरचे झटके मारायचे. प्रत्येक झटक्याला थोडासा पदार्थ उडतो आणि समोरच्या सहाशे-सातशे अंश तापलेल्या पायावर जाऊन बसतो. अणूंचे थर असे एकेक करून चढतात. थर पूर्ण झाला की थंड करायचा, बाहेर काढायचा आणि मग तपासायचा. इतकी वर्षं अडचण इथेच होती. काही बिघडलं असेल तर ते कधी बिघडलं? वाढताना, वरचा इलेक्ट्रोड लावताना, की थंड होताना? भाकरी ताटात आल्यावर कच्ची निघाली, तर पीठ चुकलं की आच चुकली हे कसं कळणार?

झुरिचच्या ईटीएच या संस्थेत मॉर्गन ट्रॅसिन आणि मानफ्रेड फीबिग यांच्या चमूने यावर उत्तम तोड काढली. ध्रुवीकरण असलेल्या पदार्थावर लेसरचा प्रकाश टाकला, तर परत येणाऱ्या प्रकाशात थोडा भाग दुप्पट वारंवारतेचा असतो. धन आणि ऋण बाजू सारख्याच असतील, तर थराच्या आतून हा दुप्पट प्रकाश जवळजवळ येतच नाही. म्हणजे तो प्रकाश दिसला की ध्रुवीकरण आहे, विझला की गेलं. हा प्रकाश त्यांनी थर वाढत असतानाच, त्या तापलेल्या पेटीत टाकला. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की ध्रुवीकरण कितव्या खोलीला उगवतं आणि कोणत्या दिशेला आहे, हे असं चालू कामात पाहता येतं.

त्यातूनच २०१९ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. बेरियम टायटेनेटचा थर छान एकाच दिशेचा वाढला होता. त्यावर स्ट्रॉन्शियम रुथेनेटचा इलेक्ट्रोड चढवायला सुरुवात केली. इलेक्ट्रोड भार झाकतो, तेव्हा ध्रुवीकरण आणखी पक्कं व्हायला हवं होतं. झालं उलटंच, प्रकाश एकदम मंदावला. कारण धातूचे पहिले काही थर इतके पातळ असतात की ते अजून नीट धातूच झालेले नसतात. भार झाकायची त्यांची ऐपत नसते, आणि ते बसल्यावर आधीची परिस्थितीही राहत नाही. त्या मधल्या काळात थर वर-खालीच्या डोमेनमध्ये फुटतो. पुढे इलेक्ट्रोड जाड झाला, तरी ही फूट आपोआप सांधत नाही. चमूने नंतर नमुना तापवून पुन्हा एकजूट केली आणि दिशा परत मिळाली. सगळं पूर्ण झाल्यावर तपासलं असतं, तर दोष बेरियम टायटेनेटच्याच माथी मारला गेला असता.

आणि चुंबकही हवा असेल तर?

हार्ड डिस्कमध्ये माहिती चुंबकाच्या दिशेत असते. चुंबक उलटवायला सहसा वीजप्रवाह लागतो, आणि प्रवाह म्हटला की तार तापते. नुसत्या व्होल्टेजने चुंबक उलटला तर उष्णता खूप वाचेल. त्यासाठी ध्रुवीकरण आणि चुंबकत्व दोन्ही एकाच पदार्थात हवं. अशा पदार्थाला मल्टिफेरोइक म्हणतात. हान्स श्मिड यांनी १९९४ मध्ये हा शब्द रूढ केला.

असे पदार्थ फार थोडे का, याचं उत्तर निकोला स्पाल्डिन यांनी २००० साली दिलं. टायटेनियम सरकतो, कारण त्याच्याकडची इलेक्ट्रॉनची एक विशिष्ट जागा रिकामी असते. चुंबकत्वाला मात्र नेमकी तीच जागा अर्धवट भरलेली लागते. रिकामी आणि भरलेली एकाच वेळी कशी असेल?

बिस्मथ फेराइटने काम वाटून घेतलं. कोपऱ्यातला बिस्मथ सरकण्याचं काम करतो, मधलं लोखंड चुंबकत्वाचं. २००३ मध्ये रामामूर्ती रमेश यांच्या मेरीलँडमधल्या चमूने याचा पातळ थर बनवला आणि त्यात ठोकळ्यांमध्ये मोजलेल्याच्या कितीतरी पट ध्रुवीकरण निघालं. रमेश बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. सुरुवातीला या वाढीचं श्रेय पायाच्या ताणाला दिलं गेलं. पुढे निर्दोष स्फटिक बनल्यावर कळलं की त्यांच्यातही ध्रुवीकरण तेवढंच आहे, जुने ठोकळेच गळके होते. शेजाराचं कौतुक मी वर इतकं केलं, म्हणून हा अपवादही सांगायला हवा. दुसरी वाट म्हणजे दोन गुणांचे दोन वेगळे पदार्थ एकत्र बसवणं. तो प्रयोगही याच गटाने केला, बेरियम टायटेनेटमध्ये चुंबकीय खांब उभे करून. २००४ च्या त्या कामात पुणे विद्यापीठात शिकवलेले सतीशचंद्र ओगले हेही सहलेखक होते.

२०१४ मध्ये व्होल्टेजने चुंबक पूर्ण उलटवून दाखवला गेला, तोही खोलीच्या तापमानाला. बिस्मथ फेराइटवर कोबाल्ट-लोखंडाचा थर होता. ध्रुवीकरण एकदम उलट झालं असतं, तर चुंबक जागचा हलला नसता. पण जिन्यातून कपाट नेताना ते जसं दोन टप्प्यांत वळवावं लागतं, तसं ध्रुवीकरण दोन टप्प्यांत फिरलं आणि चुंबक त्याच्या मागोमाग गेला.

एवढं सगळं आहे, तर बाजारात का नाही?

आहे. फेरोइलेक्ट्रिक स्मृतीच्या चिप १९९०च्या दशकापासून विकल्या जातात. काही उत्पादक एक जागा १० लाख कोटी वेळा लिहिता-वाचता येईल असं सांगतात. पण त्या चिपची साठवण फोनच्या मानाने फार लहान असते.

‘उलटवून उलटवून पदार्थ दमत नाही का?’ ही शंका रास्त आहे. दमतो. प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड असताना शिशाचं मिश्रण लवकर थकायचं. ऑक्साइडचे इलेक्ट्रोड वापरले आणि थकवा खूप कमी झाला. पुन्हा शेजारीच कामाला आला. शिसं विषारी आहे ही दुसरी शंका, आणि ती अजून पूर्ण सुटलेली नाही. तिसरी अडचण सगळ्यात चिवट आहे: हे स्फटिक सिलिकॉनच्या कारखान्यात सहज रुजत नाहीत.

म्हणून सध्या सगळ्यांचं लक्ष हाफ्नियम ऑक्साइडकडे आहे. २००७ पासून साध्या प्रोसेसरमध्ये ते निव्वळ विद्युतरोधक म्हणून वापरलं जातं. कारखान्यांना ते ओळखीचं आहे, त्यात शिसं नाही. थोडं सिलिकॉन मिसळलेला त्याचा सुमारे दहा नॅनोमीटरचा थर फेरोइलेक्ट्रिक होतो, असं २०११ मध्ये ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं. २०२० मध्ये बर्कलीत, झर्कोनियम मिसळून, तो एक नॅनोमीटरपर्यंत नेला तरी ध्रुवीकरण टिकलं. उलट पातळ झाल्यावर ते आणखी जोमदार झालं. जुने पदार्थ पातळ केल्यावर मरगळतात, हा तरतरीत होतो. २०११ च्या त्या थराची कृतीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थर तापवून स्फटिकरूप करताना त्यावर आधीच टायटेनियम नायट्राइडचं झाकण बसवलेलं असावं लागतं. झाकणाखाली शिजला तर फेरोइलेक्ट्रिक, उघडा शिजला तर साधा विद्युतरोधक.